पत्ता सांगताना

तेजल, तू विचारलंस म्हणून सांगते.
ग्लासगोत जमिनीखाली एकच गाडी आहे
आणि ती गोल फिरते.
पंधरा स्टेशनं. उलट्या बाजूची पकडलीस
तरी पोचशीलच, फक्त उशिरा.
पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम उलटी पकडायचे;
डबा उबदार असायचा
आणि खोलीतलं मीटर आधी पैसे मागायचं.

डबा इतका ठेंगणा
की आपल्या वाशिमचा सहा फुटी अनुप
दारात मान खाली घालून उभा राहतो,
मुंडावळ्या बांधल्यासारखा.

बसचं म्हणशील,
तर बाविसाव्या वाढदिवसापर्यंत फुकट.
माझा येऊन गेला होता, तीनच आठवड्यांपूर्वी.
रूममेट इलिद, वय एकोणीस,
कार्ड टेकवते आणि टुणकन वर जाते.
मी मागे उभी राहून पौंडाचे रुपये करायचे.
ही खोड सुटते. तुझीही सुटेल,
साधारण नोव्हेंबरात.

उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हण. मोठ्याने.
इथे सगळे म्हणतात,
झिंगलेले तर दोनदा.

मुख्य गोष्ट राहिलीच:
रविवारी ती गोल गाडी
संध्याकाळी सहाच्या सुमारास झोपते.
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.
गोव्हनच्या वृद्धाश्रमातली माझी ड्यूटी सुटली साडेसातला.
स्टेशनच्या जाळीला कुलूप,
मोबाइलमध्ये तीन टक्के,
खिशात चहासोबतचं उरलेलं एक शॉर्टब्रेड.

परत आत गेले. ह्यू मकलीश जागेच होते.
नव्वदीचे. पूर्वी जहाजांचे पत्रे जोडायचे.
पेपर नॅपकिनवर नकाशा काढून दिला:
सिनेमापासून डावीकडे वळ.
गोदीचा भोंगा वाजेल, त्याच्याकडे पाठ कर.
मग माझ्या बहिणीचं दुकान.
तिला सांग, ह्यूने पाठवलंय,
ती तुला होडीपर्यंत सोडेल.

सिनेमा नव्हता.
भोंगा नव्हता.
दुकानाच्या जागी टायर बदलणारे, शटर ओढलेलं.
होडी तर माझ्या आईच्या जन्माआधीच बंद झालेली.
पण नॅपकिन धरून चालत राहिले
आणि गंमत बघ, नदीपाशीच पोचले.
खुणा गेल्या होत्या,
त्यांच्यामधली वळणं तेवढी जागच्या जागी.
होडी लागायची तिथे आता पायी जायचा पूल आहे,
ह्यूंना माहीत नसलेला.
मधोमध थांबून शॉर्टब्रेड खाल्लं.
खाली क्लाइड,
करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखी काळी.
पलीकडे पार्टिक, पाच मिनिटांत.
एवढ्यासाठी मी रडायच्या बेतात होते.

पुढच्या रविवारी ह्यूंनी विचारलं,
भेटली का बहीण?
म्हटलं, भेटली.
जाड झालीय?
थोडीशी.
ते बराच वेळ हसले,
मग सूप सांडलं, मग मी पुसलं.

तर, सप्टेंबरात येशील तेव्हा
पार्टिकला उतर.
बाहेर एक बाक आहे,
तिथे बसून मी आईला सांगितलं होतं, हो, जेवले.
तिथून उजवीकडे.
माझी छत्री उलटून उडाली तो कोपरा सोड,
त्याच्या पुढचा घे.
मग बशीरभाईंचं दुकान. भरताची वांगी ठेवतात,
माझं नाव सांग, जुडीभर कोथिंबीर जास्त देतील.
दुकान तोवर टिकलं नसेल
तरी वळण तेच आहे, डावीकडे.

तिसरा मजला. खालची बेल चालत नाही.
हाक मार.